निवडणारे गमरे

गमऱ्यांच्या हाताखाली शिकून आज एकच जण नोकरी करतोय, आणि तो माणूस नाही. मी असं सांगितलं की ऐकणारे हसतात. पूर्वी सांगताना मलाही हसू यायचं, आता येत नाही.

काशीमीऱ्याला हायवेला लागून गाळ्यांची एक वसाहत आहे. पुढे गॅरेजं आणि टायरवाले, मध्ये गोदामं आणि अगदी मागे, बंद पडलेल्या एका बिस्किटांच्या कारखान्याच्या जागेत आमची प्रयोगशाळा. औषधं बनवणाऱ्या कंपन्या त्यांची प्रथिनं आमच्याकडे पाठवायच्या आणि त्या प्रथिनाचा एकेक रेणू दिसतो कसा, त्याला खाच कुठे आहे, उंचवटा कुठे आहे, ते आम्ही शोधून द्यायचो. औषध त्या खाचेत बसवायचं असतं, त्यामुळे ती केसभरही इकडेतिकडे दाखवून चालत नाही. केसभर म्हणजे या धंद्यात फारच झालं. हे काम करणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप दोन पुरुष उंच होता आणि शेजारी कुणी खुर्ची सरकवली तरी त्याला कळायचं. असलं यंत्र कंटेनरच्या रस्त्याला लागून बसवायची अक्कल कुणाची, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. जागा मालकांच्या सासऱ्यांची होती, असं उत्तर मिळालं.

मी तिथे कागदपत्रांच्या विभागात होते. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि मनाला येईल तेव्हा चालणारा प्रिंटर. कंपनीत कोण कुठलं काम कसं करतो ते पायरी-पायरीने लिहून काढायचं, त्याच्यावर सह्या घ्यायच्या आणि फाइल करायचं, ही माझी नोकरी. उद्या तो माणूस नसला तरी काम अडू नये, हा त्यामागचा उद्देश मला पहिल्या दिवशीच समजावून सांगितला होता. मी मान डोलावली होती. एवढ्या साध्या वाक्यात घाबरण्यासारखं काही असेल असं तेव्हा वाटलं नाही.

अनंत गमरे तो मायक्रोस्कोप चालवायचे. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, तेल लावून चापून बसवलेले केस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्यावर बायकोने विणलेला विटकरी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर. मशीनची खोली बारा महिने गार ठेवावी लागायची म्हणून तो स्वेटर. पण तो बाहेर आल्यावर काढायची त्यांना आठवण राहायची नाही. मे महिन्यात काशीमीरा नाक्यावर स्वेटर घालून रिक्षाची वाट बघणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. रिक्षावाले विचारायचे, "काका, तबीयत ठीक नहीं है क्या?" आणि गमरे अगदी गंभीरपणे सांगायचे, "ठीक है. अंदर थंडी है."

शिक्षण बारावी. मूळ गाव खेडच्या आत कुठेतरी. अठराव्या वर्षी मुंबईत एका सरकारी संस्थेत लागले ते फिल्म धुवायला. त्या काळी मायक्रोस्कोपमध्ये फिल्म असायची आणि अंधाऱ्या खोलीत उभं राहून ती धुवावी लागायची. धुता धुता बघायला शिकले, बघता बघता यंत्र चालवायला शिकले. तिथे ते शेवटपर्यंत हंगामीच राहिले. मग आमच्या कंपनीने यंत्र घेतलं तेव्हा ते चालवणारं कुणी मिळेना, म्हणून गमऱ्यांना आणलं. यंत्राच्या खोक्यांबरोबर आलेलं सामान असल्यासारखे ते त्या खोलीत गेले आणि तिथेच राहिले. वर्षातून एकच रजा घ्यायचे, जयंतीची. त्या दिवशी पांढरा झब्बा घालून काशीगावातल्या मिरवणुकीत पुढे असायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वेटर.

राव सर आमचे प्रमुख. बाहेरच्या देशातून डॉक्टरेट करून आलेले, वाईट माणूस मुळीच नव्हते, फक्त कायम घाईत. त्यांनी मला सांगितलं, "गमरे के साथ बैठिए. जो करता है, सब लिखिए. छोटी से छोटी चीज़."

मी वही घेऊन आत गेले. खिडकी नाही, दिवा मंद, भिंतींना राखाडी स्पंज. गमऱ्यांनी बूट दाराशी काढून ठेवले होते आणि मोजे घातलेले पाय जमिनीवर सपाट टेकवून ते बसले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा मॅडम. ट्रक येतोय."

मला काही ऐकू आलं नाही. मी थांबले. पाच-सात सेकंदांनी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी किंचित हललं, मग पुन्हा स्थिर झालं. गमऱ्यांनी हात खाली घेतला आणि फोटो काढला.

"तुम्हाला कळलं कसं?"

"तळपायाला कळतं. हा सोळा टायरवाला होता, लोडेड. रिकामा असला तर एवढं थांबत नाही मी."

मी वहीत लिहिलं, 'जड वाहन येत असल्यास थांबणे. वाहन ओळखण्याची पद्धत: तळपाय.' राव सरांनी ते पान वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि लाल पेनाने त्यावर काट मारली. "ये हम ऑडिटर को दिखाएँगे?"

त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रथिनाचा थेंब कपाळाच्या टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर घालून तो क्षणात गोठवतात. त्या जाळीत चौकोन असतात आणि चौकोनात हजारो भोकं. प्रत्येक भोकात बर्फाचा एक पडदा धरतो आणि त्या पडद्यात रेणू अडकून बसलेले असतात. बर्फ जाड झाला की रेणू धूसर दिसतो आणि कुठे कुठे तर बर्फच धरलेला नसतो. चांगली भोकं निवडायची आणि त्यांचे फोटो काढायचे. असे हजारो फोटो जमले की कॉम्प्युटर त्या सावल्यांवरून रेणूचा आकार उभा करतो. तेव्हा सगळा खेळ निवडण्याचा. गमरे दिवसभर निवडायचे. पडद्यावर भोकांची रांग यायची आणि त्यांचं बोट माऊसवर टकटक करत जायचं. हे घेतलं, हे घेतलं, हे नाही.

"कसं ठरवता?" मी विचारलं.

"दिसतं ना."

"मला सगळी सारखीच दिसतात."

"बसा इथे वर्षभर. मग नाही दिसणार सारखी." मग बहुतेक त्यांना माझी दया आली. "बर्फ पातळ हवा. राखाडीतला हलका राखाडी. एकदम हलका नाही. दिसलं म्हणजे घेतलं असं नाही करायचं. घाई आपल्याला असते, रेणूला नसते."

ही दोन वाक्यं ते दिवसातून चारदा म्हणायचे. चहाच्या टपरीवरही म्हणायचे, वडापाव घेताना म्हणायचे. निवडणं हा त्यांचा धंदा नव्हता, स्वभाव होता, आणि घरच्यांना त्याचा छळ व्हायचा. एका रविवारी मी काशीगावात कुणाकडे तरी गेले होते, तर रस्त्याच्या कडेला किनाऱ्यावरच्या चौक गावाहून आलेल्या कोळणीपुढे गमरे उकिडवे बसलेले दिसले. शेजारी पिशवी घेऊन सुनंदावहिनी उभ्या होत्या. गमऱ्यांनी पाटीतला एकेक बांगडा उचलायचा, कल्ले उघडून बघायचे, उन्हात धरायचा आणि परत ठेवायचा, असं चाललं होतं. शेवटी ती कोळीण कातावली.

"ओ भाऊ, लगीन लावायचा हाय का त्याच्याशी? घेयाचा हाय तं घे, न्हाय तं ऊठ. माजा गिऱ्हाईक जातंय."

"घेतो ना. सहाच घ्यायचेत," गमरे म्हणाले.

"सहा बांगड्यांना अर्धा तास झाला, ताई," वहिनी मला म्हणाल्या. "लग्नाच्या वेळी मला बघायला आले तेव्हा दोन मिनिटांत हो म्हणाले होते. तेवढीच काय ती घाई केली आयुष्यात."

गमरे खाली मान घालून हसले. त्यांना अशा वेळी लाजायला व्हायचं.

मी त्यांच्याबरोबर तीन महिने बसले. माझ्या वहीत एकसष्ट पायऱ्या झाल्या. एक दिवस संध्याकाळी, काम संपत आलेलं असताना, त्यांचं बोट एका काळपट भोकावर गेलं. जाड बर्फ. एव्हाना मलाही तेवढं कळायला लागलं होतं. टक. मग शेजारचं, तेही काळपट. टक. अशी पंधरा-वीस.

"गमरे, ही तर वाईट ना?"

त्यांनी हात मागे घेतला, चोरी पकडल्यासारखा. "हां. ती अशीच. शेवटी थोडी घेतो."

"का?"

"का ते नाही माहीत. पहिल्यापासून सवय आहे. घेतली नाहीत तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं." मग घाईने म्हणाले, "ते लिहू नका मॅडम. राव सर म्हणतील बारावी पास माणूस ठेवला की असंच होणार."

मी लिहिलं नाही. माणसाची लाज राखली असं मला वाटलं. चांगुलपणाच केला.

त्याच वर्षी कंपनीने ती सिस्टीम आणली. भोकं स्वतः निवडणारी, फोटो स्वतः काढणारी, न थकणारी, स्वेटर न लागणारी. तिच्याबरोबर कुणाल नावाचा इंजिनीअर आला. मीरा रोडला राहायचा, घरी गुजराती, आमच्याशी हिंदी, आणि गमऱ्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणायचा. सिस्टीमला चांगलं-वाईट शिकवावं लागतं आणि ते फक्त गमरेच शिकवू शकत होते. पडद्यावर एकेक भोक येणार, गमऱ्यांनी हिरवी खूण करायची किंवा लाल. अशा हजारो खुणा झाल्या की सिस्टीम शहाणी होणार.

"और काका, वो ट्रक के लिए रुकना भी नहीं पड़ेगा," कुणाल आनंदाने म्हणाला. "हिला हुआ फोटो सिस्टीम खुद फेंक देगी."

गमरे पायातल्या मोज्यांकडे बघत होते. म्हणाले, "अच्छा है."

तीन आठवडे त्यांनी शिकवलं. त्या तीन आठवड्यांत ते रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. वर्गावर तपासनीस साहेब येणार म्हटल्यावर मास्तर फळा जसा लख्ख पुसून घेतात तसं त्यांचं चाललं होतं. एकही खूण घाईत नाही, एकही शंकेची नाही. मला मात्र राग येत होता, त्यांचा, कुणालचा आणि माझ्या एकसष्ट पायऱ्यांचाही. एक दिवस टपरीवर मी बोलून गेले.

"गमरे, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय करताय?"

"मॅडम, मी येडा नाय." ते चहा ढवळत होते, साखर कधीच विरघळली होती. "मला कळतंय."

"मग?"

"मग काय करू? नाही शिकवलं तर दुसरा कुणीतरी शिकवेल. त्याला काय दिसतंय? तो कचरा शिकवेल, मग मशीन आयुष्यभर कचराच निवडत बसेल."

"दुसरीकडे बघा ना नोकरी."

"कुठे? असली मशीन काय नाक्या-नाक्यावर असतात? अख्ख्या मुंबईत मोजून घ्या. सगळीकडे एमेस्सी मागतात. मी बारावी. मला ही एक खोली सोडून जगात कुठे काय येतं?"

हे ते रडवेल्या आवाजात बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते पत्ता सांगावा तसं सांगितलं.

सिस्टीमची पहिली मोठी चाचणी एका औषध कंपनीच्या प्रथिनावर झाली. हेच प्रथिन गमऱ्यांनी आधी हाताने केलं होतं, त्यामुळे ते दिसतं कसं हे आम्हाला ठाऊक होतं. सिस्टीमने चार दिवस अखंड फोटो काढले, गमरे वर्षात काढणार नाहीत एवढे. फोटो इतके स्वच्छ की राव सर मिटिंगमध्ये टाळ्या वाजवायला निघाले होते. मग कॉम्प्युटरने आकार उभा केला. रेणू लांबट आला होता, दोन्ही टोकांना धरून कणीक ओढावी तसा. जी खाच बघायची ती बुजलेली. पुन्हा केलं, पुन्हा तसाच. कुणालने रात्रीचा दिवस केला, सिस्टीमचा कोपरान् कोपरा तपासला, काही सापडेना.

राव सरांनी शुक्रवारी निर्णय सांगितला. महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर सिस्टीम परत. "तब तक गमरे कंटिन्यू."

बातमी गाळ्यात पसरायला वेळ लागला नाही. वॉचमनने गमऱ्यांना सलाम ठोकला. कॅन्टीनच्या मावशींनी जास्तीची भजी वाढली. सोमवारी वहिनींनी डबा भरून नारळाच्या वड्या पाठवल्या, आणि मी त्यातल्या तीन खाल्ल्या. मला खरंच आनंद झाला होता. एका यंत्राची जिरली आणि आपल्या माणसाची खुर्ची राहिली, याहून जास्त त्या दिवशी मला काही नको होतं.

गमऱ्यांनी एकही वडी खाल्ली नाही. ते त्या लांबट रेणूसमोर बसून होते. माऊसने त्याला इकडून फिरवत, तिकडून फिरवत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बुधवारी त्यांनी मला आत बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मशीन चुकलं नाही. मी चुकलोय."

"म्हणजे?"

"बांगडा तव्यात टाकला की कसा पडतो? आडवा. उभा राहील का? नाही. मग तव्यावर कितीही बांगडे बघा, बांगड्याची पाठ केवढी रुंद असते ते तुम्हाला कधी कळणार नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पातळ बर्फात या प्रथिनाला उभं राहायला जागाच नाही. सगळे आडवे पडलेत. मशीनने लाखभर बघितले, सगळे एकाच बाजूने. दुसरी बाजू दिसलीच नाही म्हणून ते बिचारं अंदाजाने ओढतंय."

"पण तुम्ही हाताने केलं तेव्हा बरोबर आलं होतं."

त्यांचं बोट माऊसवर दोनदा टकटकलं. आणि मग मला आठवलं. त्या काळपट भोकांवरची टकटक. जाड बर्फात जागा असते, तिथे रेणू उभे, तिरपे, कसेही राहतात. धूसर दिसतात, पण दुसरी बाजू दाखवतात. आयुष्यभर गमऱ्यांचा हात शेवटी थोडी वाईट भोकं घेत आला होता आणि का घेतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेवढंच लपवलं. पाहुण्यांसमोर चांगल्या ताटल्या काढतात तशी फक्त चांगली भोकं काढून दाखवली. आणि मी ते वहीत लिहिलं नव्हतं.

"कुणाला सांगू नका," मी म्हणाले. मी फार विचार केला नाही. तोंडातून आपोआप आलं. "गमरे, कुणालला हे कधीही सापडणार नाही. पंधरा दिवस गप्प बसा. सिस्टीम जाईल."

"हां."

"तुमची नोकरी राहील."

"हां." ते पुन्हा रेणू फिरवायला लागले. "पण हा असा नाहीये हो. मी बघितलाय त्याला. हा असा नाहीये."

मला वाटलं, त्यांना पटलंय. शुक्रवारपर्यंत ते काही बोलले नाहीत. मी निश्चिंत होते. शनिवारी सकाळी ते राव सरांच्या केबिनमध्ये गेले, स्वेटर काढून घडी घालून हातात धरलेला, आणि सगळं सांगून टाकलं. कुणालने तिथेच लॅपटॉप उघडला. राव सर दोनदा "ब्रिलियंट" म्हणाले आणि मग मला बोलावून म्हणाले, "आपके डॉक्यूमेंट में ये स्टेप क्यों नहीं है?" माझ्याकडे उत्तर होतं. ते मी दिलं नाही. मी म्हणाले, "राहून गेलं, सर." गमरे शेजारीच उभे होते आणि माझ्यासाठी ओशाळले होते.

त्यांनी पुन्हा शिकवलं, या वेळी काळपट भोकांसकट. पूर्वी जे शेवटच्या दहा मिनिटांत चोरून करायचे ते उजेडात, कुणालला मोजून दाखवत केलं. किती पातळ, किती जाड, कुठल्या कडेची. पाच दिवसांत झालं. रेणू आला तो हुबेहूब, गमऱ्यांनी हाताने केला होता त्याहून नीट. ती खाच इतकी स्वच्छ दिसत होती की त्यात बोट घालावंसं वाटलं. कुणालने वाकून गमऱ्यांच्या पायांना हात लावला. नाटक नव्हतं ते. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

त्या आठवड्यात काशीगावच्या रिक्षा स्टँडवर वहिनी भेटल्या. मी नजर चुकवत होते, पण त्यांनी मला गाठलं.

"ताई, बोलायची काय गरज होती हो त्यांना? कुणी विचारलं होतं?"

"नाही वहिनी. कुणीच नव्हतं विचारलं."

"मी बोलले त्यांना. तर म्हणाले, तुला नाही कळणार. मला नाही कळणार? तीस वर्षं त्यांच्या निवडलेल्या तांदळाचा भात खातेय मी." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता घरी येतात आणि भिंतीकडे बघत बसतात. भांडत पण नाहीत."

मला वहिनींना सांगायचं होतं की मीही गमऱ्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. पण त्यातही मी स्वतःलाच चांगलं दाखवलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

कंपनीने गमऱ्यांना काढलं नाही. काढलं असतं तर निदान शिव्या देता आल्या असत्या. त्यांना नवीन पद मिळालं, 'प्रणाली निरीक्षक'. यंत्रात द्रव नायट्रोजन असतो, तो खोलीत पसरला तर श्वास कोंडतो, म्हणून यंत्र चालू असताना एक जबाबदार माणूस आत हवाच असा नियम आहे. तो माणूस गमरे. काम एकच, बघत राहायचं. हे कागद मीच टाइप केले आणि प्रिंटर त्या दिवशी पहिल्या फटक्यात चालला.

वर्षभराने मला ठाण्याला दुसरी नोकरी मिळाली. कागद सांभाळायचं काम जगात सगळीकडे असतं. शेवटच्या दिवशी गमऱ्यांची एक सही बाकी होती, सिस्टीमच्या प्रशिक्षणाच्या अंतिम कागदावर, 'प्रशिक्षक' या शब्दाखाली. सहीच्या निमित्ताने निरोप घ्यावा म्हणून मी आत गेले.

पडद्यावर भोकांची रांग सरकत होती. हिरवं, हिरवं, लाल, हिरवं. कुठेच न अडखळता. गमरे समोर ताठ बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात मांड्यांखाली होते. थंडीने असेल असं मला वाटलं.

"हात गारठलेत का?"

"नाही." ते ओशाळं हसले. "माऊस इथेच असतो ना. हात जातो हो आपोआप. आणि हात लागला की मशीन थांबतं आणि वर नोंद होते. दोन वेळा झालं. राव सर काही बोलले नाहीत, पण तिसऱ्यांदा बोलतील. म्हणून मग हे असं."

"दिवसभर?"

"जेवायला काढतो."

मी कागद पुढे केला. त्यांनी उजवा हात मांडीखालून काढला, दोनदा मूठ उघडली-मिटली, तळव्यावर खुर्चीच्या विणीचे वळ उठले होते. सही केली. पडद्यावर तेवढ्यात एक काळपट भोक आलं. मी बघितलं, त्यांनीही बघितलं. त्यांचं बोट पेनावरच हललं. सिस्टीमने ते घेतलं, हिरवं केलं आणि पुढे गेली.

"चुकते का कधी?" मी विचारलं.

"नाही," गमरे म्हणाले. "मी रोज वाट बघतो." त्यांनी पेन मला परत दिलं आणि हात पुन्हा मांडीखाली सरकवला. "या मॅडम. जाताना दार नीट ओढून घ्या, नाहीतर आतली थंडी जाते. आतून ते बसत नाही."

मी बाहेर आले आणि ते दार दोन्ही हातांनी ओढून लावलं.